दातांतली घाण काचेखाली धरणारा कापडवाला: लीवेनहूक, आपल्या हिरड्या आणि मधुमेह

शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात एक नाव हमखास असायचं: अँटनी व्हॅन लीवेनहूक. सूक्ष्मजीव पहिल्यांदा कुणी पाहिले, या एका मार्काच्या प्रश्नाचं हे उत्तर. उच्चार प्रत्येक बाईंचा वेगळा, स्पेलिंग तर विचारूच नका. मार्क मिळाला की विषय संपला.

पुस्तकात जे सहसा नसतं ते असं, की या माणसाने स्वतःच्या दातांच्या फटीतली घाण काढून ती भिंगाखाली धरली होती. नुसती स्वतःचीच नाही, घरातल्यांची, शेजारपाजारच्यांची, अगदी जन्मात कधी दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याचीसुद्धा. तिथे त्याला जे दिसलं, त्याचा संबंध आज घरोघरी असलेल्या एका आजाराशी आहे. तो आजार म्हणजे मधुमेह. हा संबंध नीट लक्षात यायला जगाला जवळपास तीनशे वर्षं लागली. आणि आपल्यापैकी अनेकांच्या तो अजूनही लक्षात आलेला नाही.

ही त्या कापडवाल्याची गोष्ट.

टोपल्या विणणाऱ्याचा मुलगा

लीवेनहूकचा जन्म २४ ऑक्टोबर १६३२ चा, नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट या गावातला. वडील टोपल्या विणायचे. आईचं माहेर बिअर बनवणाऱ्यांचं. अँटनी लहान असतानाच वडील वारले. आईने एका चित्रकाराशी दुसरं लग्न केलं आणि मुलाला शिकायला दुसऱ्या गावी पाठवलं. पुढे काही काळ तो काकांकडे राहिला. विद्यापीठाचं तोंड त्याने कधी पाहिलं नाही. लॅटिन ही तेव्हाच्या विद्वानांची भाषा, तीही त्याला येत नव्हती. त्याला येत होती फक्त डच.

सोळाव्या वर्षी, १६४८ मध्ये, तो ॲमस्टरडॅमला एका कापडाच्या पेढीवर कामाला लागला. सहा वर्षांत धंदा शिकला, १६५४ मध्ये डेल्फ्टला परतला, लग्न केलं आणि स्वतःचं दुकान टाकलं. कापड, सुती-रेशमी धागे, बटणं, फिती असा माल.

घरचं सुख मात्र त्याच्या वाट्याला बेताचंच आलं. पहिल्या बायकोपासून झालेल्या पाच मुलांपैकी एकटी मारिया जगली. १६६६ मध्ये बायकोही गेली. पाच वर्षांनी त्याने दुसरं लग्न केलं. मारिया मात्र त्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत त्याच्यासोबत राहिली.

दुकानासोबत तो गावातली सरकारी कामंही करायचा. गावच्या न्यायसभेच्या दालनांची देखभाल, जमिनीची मोजणी, पुढे दारूच्या पिंपांचं माप तपासणं. जगप्रसिद्ध चित्रकार व्हर्मीर हाही त्याच वर्षी त्याच गावात जन्मलेला. व्हर्मीर कर्ज मागे ठेवून वारला, तेव्हा त्याच्या मालमत्तेचा कारभार बघायला १६७६ मध्ये कुणाला नेमलं? तर लीवेनहूकला. थोडक्यात, हिशेबाला चोख आणि गावाचा विश्वास असलेला माणूस.

कापडाच्या धाग्यापासून थेंबापर्यंत

कापडाचे व्यापारी तेव्हा माल पारखायला भिंग वापरायचे. एका इंचात किती धागे, वीण किती घट्ट, हे त्यातून कळायचं. लीवेनहूकच्या हातात भिंग आलं ते असं. पण त्याला धाग्यावर थांबायचं नव्हतं.

त्याने स्वतःच भिंगं बनवायला सुरुवात केली. त्याचा मायक्रोस्कोप आपल्या डोळ्यांसमोर येतो तसा लांब नळीचा नव्हता. पितळेच्या किंवा चांदीच्या दोन छोट्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये बसवलेला काचेचा इवलासा मणी, समोर एक टोकदार सुई आणि ती पुढे-मागे करायला स्क्रू. सगळं मिळून बोटभर. सुईवर वस्तू लावायची, पट्टी डोळ्याला जवळजवळ चिकटवायची आणि उजेडाकडे तोंड करून बघायचं. आज शिल्लक असलेल्या त्याच्या भिंगांपैकी सर्वांत ताकदवान भिंग वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवतं. आयुष्यभरात त्याने अशी पाचशेच्या आसपास उपकरणं बनवली.

सर्वांत ताकदवान भिंगं तो कशी बनवतो आणि कशी वापरतो, हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. पाहुण्यांना साधी भिंगं दाखवायचा, खास भिंगं कपाटात. ते गुपित बरंचसं उलगडायला २०२१ साल उजाडलं. न्यूट्रॉन किरणांनी त्याचं एक उपकरण न उघडता आतून पाहिलं गेलं, तेव्हा कळलं की ते ताकदवान भिंग म्हणजे ज्योतीवर काच वितळवून केलेला गोल मणी आहे.

१६७३ मध्ये डेल्फ्टमधल्या रेग्निर द ग्राफ या डॉक्टरने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून या कापडवाल्याकडे लक्ष वेधलं. रॉयल सोसायटी म्हणजे त्या काळातली विज्ञानाची सर्वांत मोठी पंचायत. लीवेनहूकची पहिली टिपणं गेली ती बुरशी, मधमाशीची नांगी आणि ऊ यांच्यावर. तिथून पुढे पन्नास वर्षं तो पत्रं लिहीत राहिला, सगळी डचमध्ये. रॉयल सोसायटीला पाठवलेली पत्रंच सुमारे १९० भरतात. ती भाषांतर करून छापली जायची.

त्याच सुमारास लंडनमध्ये

इथे दोन मिनिटं डेल्फ्ट सोडून लंडनला जाऊ.

रॉयल सोसायटीच्या सुरुवातीच्या सदस्यांपैकी एक होते थॉमस विलिस. ऑक्सफर्डला नाव कमावून लंडनला आलेले बडे डॉक्टर. एका आजाराचे रुग्ण त्यांच्याकडे येत. सतत तहान, वारंवार लघवी, शरीर वाळत जाणं. त्या काळात रुग्णाची लघवी बघणं, हुंगणं आणि प्रसंगी चाखणं हा तपासणीचाच भाग होता. १६७४ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात विलिस यांनी नोंदवलं की या रुग्णांची लघवी मधासारखी गोड लागते.

भारतीय वैद्यांना ही गोष्ट फार आधीपासून ठाऊक होती. आयुर्वेदाच्या जुन्या संहितांमध्ये या आजाराचं नावच मधुमेह आहे आणि अशा लघवीकडे मुंग्या धावतात, हेही निरीक्षण तिथे आहे. युरोपात मात्र या गोडव्याकडे डॉक्टरांचं लक्ष वेधलं ते विलिस यांनी. ही गोडी साखरेचीच आहे, हे सिद्ध व्हायला आणखी शंभर वर्षं लागली. ते काम १७७६ मध्ये मॅथ्यू डॉबसन या इंग्रज डॉक्टरने केलं.

विलिस १६७५ च्या नोव्हेंबरमध्ये वारले. वर्षही उलटलं नव्हतं, तोच त्याच रॉयल सोसायटीत डेल्फ्टहून एक लांबलचक पत्र येऊन पडलं.

कुणाचा विश्वास बसेना

हे पत्र ९ ऑक्टोबर १६७६ चं. लीवेनहूकने पावसाचं पाणी, विहिरीचं पाणी, मिरी भिजवलेलं पाणी असं काय काय तपासलं होतं. मिरी का? तर ती जिभेला झोंबते, म्हणजे तिला अतिसूक्ष्म काटे असतील, असा त्याचा अंदाज. काटे काही सापडले नाहीत, पण पाण्यात वळवळणारे असंख्य जीव सापडले. त्यातले काही इतके बारीक, की वाळूच्या एका कणाएवढ्या जागेत ते हजारोंनी मावतील, असा हिशेब त्याने मांडला.

लंडनमध्ये लोकांनी भुवया उंचावल्या. शिक्षण नाही, लॅटिन नाही, भिंगाची कृती सांगत नाही, आणि म्हणे थेंबात प्राण्यांचे कळप! लीवेनहूक हिशेबी माणूस. त्याने गावातल्या धर्मगुरूंना आणि इतर प्रतिष्ठित मंडळींना बोलावून भिंगातून दाखवलं आणि त्यांच्या सहीचे दाखले लंडनला धाडले. तिकडे रॉबर्ट हूक कामाला लागले. काही प्रयत्न फसल्यावर नोव्हेंबर १६७७ मध्ये हूक यांनी सोसायटीच्या सभेत ते जीव सगळ्यांना दाखवले. बघणाऱ्यांत वास्तुविशारद ख्रिस्टोफर रेनही होते. कापडवाला खरं बोलत होता.

१६८० मध्ये रॉयल सोसायटीने लीवेनहूकला सदस्य करून घेतलं. सोसायटीच्या सभेला मात्र तो कधीच गेला नाही.

आणि मग आली दातांची पाळी

१७ सप्टेंबर १६८३ च्या पत्रात लीवेनहूकने स्वतःचं तोंड उघडलं. अक्षरशः.

तेव्हा तो पन्नाशीचा होता. त्या काळात पन्नाशीत धड दात असणं हीच मोठी गोष्ट. त्याने आपली रोजची पद्धत लिहिली: सकाळी मिठाने दात घासायचे, पाण्याने चूळ भरायची, जेवणानंतर दाढा दातकोरण्याने कोरायच्या आणि फडक्याने पुसायच्या. आपले दात आपल्या वयाच्या मानाने चांगलेच स्वच्छ आणि शुभ्र आहेत, हे त्याने अभिमानाने नोंदवलं. शिवाय आणखी एक गोष्ट लिहिली: मीठ कितीही जोरात चोळलं तरी आपल्या हिरड्यांतून कधी रक्त येत नाही.

हे वाक्य सहज लिहिलेलं वाटतं, पण ते महत्त्वाचं आहे. हिरडी निरोगी आहे की नाही याची सर्वांत सोपी खूण म्हणजे घासताना रक्त येतं का, ही. लीवेनहूकने ती खूण अचूक टिपली होती.

इतकी निगा राखूनही भिंगातून बघितल्यावर त्याला काही दातांच्या फटीत पिठाच्या लगद्यासारखा पांढरट पदार्थ दिसला. त्याने तो काढला आणि स्वच्छ पावसाच्या पाण्यात, नंतर लाळेत कालवला. ज्या पाण्यात आधी एकही जीव नव्हता, त्यात आता त्यांची जत्रा भरली होती. काही जीव पाण्यातून माशासारखे सूं करून जात होते. काही भोवऱ्यासारखे गरगरत होते. काही चिलटांच्या थव्यासारखे घोंघावत होते. त्याने चित्रकाराकडून त्यांची चित्रं काढून घेतली. सूक्ष्मजंतूंची छापली गेलेली ही सर्वांत जुनी चित्रं मानली जातात. एका जंतूने कुठून कुठे धाव घेतली, हेसुद्धा त्यात ठिपक्यांनी दाखवलं आहे.

मग तो इतरांच्या मागे लागला. दोन स्त्रिया, एक आठेक वर्षांचं मूल, दोन म्हातारे. त्यातला एक म्हातारा निर्व्यसनी, दारू-तंबाखूला न शिवणारा, पण दातांवर पुटं चढलेली. कधी घासले होते, असं विचारल्यावर कळलं की जन्मात नाही. त्याच्या दातांतून काढलेल्या घाणीत इतके जीव निघाले, की तेवढी वळवळ लीवेनहूकने आधी कुठेच पाहिली नव्हती. माणसाच्या एका तोंडातले जीव अख्ख्या नेदरलँड्सच्या लोकसंख्येपेक्षा जास्त भरतील, असा निष्कर्ष त्याने काढला. यात स्वतःचं स्वच्छ तोंडही त्याने धरलं होतं.

व्हिनेगरची चूळ आणि गरम कॉफी

खरी कमाल पुढे आहे. हे जीव मारता येतील का, हे बघायला त्याने तोंडात जालीम व्हिनेगर धरलं, खळखळून चूळ भरली आणि पुन्हा दातांतली घाण तपासली. जीव जिवंतच! मग तेच व्हिनेगर त्याने तोंडाबाहेर काढलेल्या घाणीत आणि लाळेत मिसळलं. जीव लगेच मेले.

त्यावरून त्याने ताडलं की व्हिनेगर घाणीच्या थरात आतपर्यंत पोचतच नाही, फक्त वरवरचे जीव मारतं.

आज या थराला दंतवैद्य प्लाक म्हणतात. जंतू त्यात सुटे सुटे नसतात, चिकट पदार्थात एकमेकांना धरून वस्ती करून राहतात. म्हणूनच नुसत्या माउथवॉशच्या चुळीने काम भागत नाही, ब्रशने तो थर खरवडून काढावा लागतो. टीव्हीवर माउथवॉशची जाहिरात यायच्या जवळपास तीनशे वर्षं आधी हा प्रयोग एका कापडवाल्याने घरबसल्या केला होता.

नऊ वर्षांनी, १६९२ मध्ये, त्याला पुढच्या दातांच्या घाणीत जिवंत जीव सापडेनात. कोडं पडलं. मग आठवलं, की आपण रोज सकाळी घाम फुटेल इतकी गरम कॉफी पितो. पुढच्या दातांना तिचा चटका बसत असेल. म्हणून त्याने मागच्या दाढांमधली घाण काढून पाहिली. तिथे मंडळी मजेत होती.

बादशहा आला, आजार आला

लीवेनहूकचं नाव एव्हाना युरोपभर झालं होतं. रक्तातल्या तांबड्या पेशी, पुरुषाच्या वीर्यातले शुक्रजंतू, सूक्ष्म रक्तवाहिन्यांमधून धावणारं रक्त, स्नायूंवरचे पट्टे, हे सगळं त्याने बारकाईने वर्णन करून ठेवलं. १६९८ मध्ये रशियाचा झार पीटर द ग्रेट डेल्फ्टजवळून जलमार्गाने चालला होता. त्याने लीवेनहूकला आपल्या नावेवर बोलावून घेतलं. लीवेनहूकने त्याला एका माशाच्या शेपटीत वाहणारं रक्त दाखवलं.

म्हातारपणीही पत्रं थांबली नाहीत. शेवटच्या काळात त्याच्या छातीखालच्या पडद्याला, म्हणजे डायफ्रॅमला, अचानक झटके येऊ लागले. डॉक्टर त्याला हृदयविकार म्हणत होते. लीवेनहूकचं मत वेगळं होतं. त्याने स्वतःच्या लक्षणांचं वर्णन लिहून लंडनला पाठवलं. हा दुर्मीळ विकार आज त्याच्याच नावाने ओळखला जातो. २६ ऑगस्ट १७२३ रोजी, नव्वद वर्षांचा होऊन, तो डेल्फ्टमध्येच वारला.

मारियाने वडिलांच्या इच्छेप्रमाणे चांदीच्या २६ मायक्रोस्कोपची एक पेटी रॉयल सोसायटीला पाठवली. एकोणिसाव्या शतकात ती गहाळ झाली. उरलेली उपकरणं मारियाच्या निधनानंतर १७४७ मध्ये लिलावात विकली गेली. आज जगात त्यातली जेमतेम दहा-अकराच उरली आहेत.

आणि त्याचं गुपितही त्याच्यासोबत गेलं. कृती कुणाला शिकवली नाही, शिष्य तयार केले नाहीत. तोंडातले जीव ही एक गंमत म्हणून लोकांनी वाचली आणि बाजूला ठेवली. या जीवांमुळे आजार होतात, असं स्वतः लीवेनहूकनेही म्हटलं नव्हतं. तो विचार रुजायला पाश्चर आणि कॉख यांचा काळ यावा लागला, म्हणजे आणखी दीडशे वर्षं.

दोन टोकं जुळली

तर एका बाजूला विलिस यांची गोड लघवी, दुसऱ्या बाजूला लीवेनहूकची दातांतली वस्ती. दोन्ही नोंदी दहा वर्षांच्या आत झालेल्या आणि दोन्ही माणसं एकाच संस्थेशी जोडलेली. पण साखरेचा आजार डॉक्टरांच्या वहीत गेला आणि दात गेले दात उपटणाऱ्यांकडे. दोन वह्या वेगळ्या झाल्या त्या झाल्याच.

पहिला दुवा पक्का झाला १९६५ मध्ये. डेन्मार्कमधल्या ऑरहूस इथे हॅराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. त्यात बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी होते. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला सुरुवात केल्यावर त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे हिरड्या सुजवतो तो दातांवर साचणारा जंतूंचा थरच.

दुसरा दुवा अमेरिकेत मिळाला. ॲरिझोना राज्यातल्या पिमा या आदिवासी समाजात मधुमेहाचं प्रमाण फार मोठं आहे. तिथल्या अभ्यासात दिसलं की मधुमेह असणाऱ्यांना हिरड्यांचा गंभीर आजार असण्याची शक्यता मधुमेह नसणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट आहे. मधुमेहाने डोळे, मूत्रपिंडं, नसा आणि मोठ्या रक्तवाहिन्या बिघडतात, जखमा भरत नाहीत, ही पाच संकटं डॉक्टरांना माहीत होती. १९९३ मध्ये त्याच लोए यांनी हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाचं सहावं संकट म्हटलं.

हे घडतं कसं?

जंतू सगळ्यांच्याच तोंडात असतात. लीवेनहूकच्या चकाचक दातांतही होते. माणसाच्या तोंडात राहू शकणाऱ्या जंतूंच्या सुमारे ७०० जाती आज माहीत आहेत. प्रश्न आहे तो शरीर त्यांना किती दाबून ठेवतं याचा.

रक्तातली साखर बरेच दिवस वाढलेली राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत. हिरड्यांमधल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात. साखर प्रथिनांना चिकटून अशी संयुगं बनतात, जी सूज वाढवतात. हिरडीची झीज भरून काढणारं काम मंदावतं. मग तोच थर, तेच जंतू, पण नुकसान जास्त. हिरडी दातापासून सुटते, मध्ये खिसा तयार होतो, त्यात जंतू खोलवर शिरतात आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजत जातं. शेवटी दात हलायला लागतो.

आणि हा रस्ता दुहेरी आहे. हिरड्यांमध्ये सतत सूज असेल तर त्या सुजेत तयार होणारी रसायनं रक्तातून सगळीकडे फिरतात आणि इन्शुलिनच्या कामात अडथळा आणतात. परिणामी साखर आणखी वाढते. साखर हिरड्या बिघडवते, बिघडलेल्या हिरड्या साखर बिघडवतात.

चांगली बातमी अशी, की हे चक्र उलटंही फिरवता येतं. मधुमेहाच्या रुग्णांच्या हिरड्यांवर नीट उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत त्यांचं एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी, साधारण ०.४ अंकांनी उतरलेली अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसली आहे. हा मधुमेहावरचा इलाज नव्हे. गोळ्या, इन्शुलिन, आहार, व्यायाम यांना पर्याय तर अजिबातच नाही. पण एवढा फरकही छोटा नाही.

मग आपण काय करायचं?

सर्वांत मोठी अडचण ही, की हिरड्यांचा आजार बरीच वर्षं दुखत नाही. दाढ किडली तर रात्री झोप लागत नाही, हिरडी मात्र गुपचूप सुटत जाते. म्हणून खुणा ओळखायच्या. घासताना किंवा कडक फळ खाताना रक्त येणं, हिरड्या लाल आणि सुजलेल्या दिसणं, तोंडाला सतत वास येणं, दात आधीपेक्षा लांब दिसणं, दातांमध्ये नव्याने फटी पडणं. रक्त येतं म्हणून घासणं बंद करू नका. बहुतेक वेळा ते थर साचल्याचं लक्षण असतं आणि घासणं थांबवलं की थर वाढतो.

तंबाखू आणि सिगारेट इथे दुहेरी दगा देतात. त्या हिरड्या बिघडवतात, आणि धूम्रपानाने रक्तवाहिन्या आकसल्यामुळे रक्त कमी येतं, म्हणजे धोक्याची खूणच झाकली जाते. आपल्याकडे दात स्वच्छ होतात म्हणून मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिने हिरड्यांचं भलं होत नाही.

लीवेनहूकसारखं जाड मीठ चोळण्याचीही गरज नाही. जोरात रगडल्याने दात आणि हिरड्या झिजतात. मऊ ब्रश, फ्लोराइडची टूथपेस्ट, दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं आणि रोज एकदा दातांच्या फटींची सफाई, एवढं पुरे. त्याची जेवणानंतर दाढांच्या फटी साफ करायची सवय मात्र उचलण्यासारखी आहे. ब्रश फटींत पोचत नाही, तिथे दोरा किंवा फटींसाठी मिळणारा बारीक ब्रश लागतो. कडक झालेलं कीटण घरी निघत नाही, ते दंतवैद्याकडून काढून घ्यावं लागतं. त्याने दात सैल होतात हा गैरसमज आहे. कीटणाखाली आधीच सुटलेली हिरडी फक्त दिसायला लागते.

मधुमेह असेल तर वर्षातून निदान एकदा हिरड्यांची तपासणी हवीच. दंतवैद्याला मधुमेह आहे हे सांगा, चालू असलेली औषधं सांगा, शेवटचं एचबीएवनसी दाखवा. उपाशीपोटी जाऊ नका, नाहीतर खुर्चीतच साखर उतरायची. आणि मधुमेह नसलेल्या माणसाच्या हिरड्या नीट घासूनही वारंवार सुजत असतील, तर एकदा रक्तातली साखर तपासून घेणं शहाणपणाचं. कधी कधी मधुमेहाचा पहिला सुगावा तोंडातच लागतो.

आजही शुगरची फाइल एका दवाखान्यात असते आणि दातांची दुसऱ्या. एकाला दुसऱ्याची खबर नसते. ती देण्याचं काम ज्याच्या हातात दोन्ही फाइली आहेत, त्या रुग्णालाच करावं लागतं. पुढच्या वेळी शुगरचा रिपोर्ट घेऊन जाल तेव्हा डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी हिरड्यांतून रक्त येत असेल तर तेवढं आवर्जून सांगा.